भरीत सगळ्यांचे, शिळे कुणाचे?

चंपाषष्ठी झाली, चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे पुन्हा ताटात आले, की खान्देशात भरीत पार्ट्यांचा हंगाम सुरू होतो. आमच्या दोंडाईच्याच्या आसपास रविवारी दुपारी कुठल्याही शिवारात डोकावून पाहा. कुठे ना कुठे कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा धूर वर चढताना दिसतो. सुरतेला नोकरीधंद्यासाठी गेलेली मंडळी शनिवारच्या गाडीने आलेली असतात. जावई, मेहुणे, साडू, शाळेतले जुने सोबती, झाडून सगळे जमतात. जाळावर हिरवी, टपोरी वांगी भाजली जातात, एकीकडे हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचला जातो, दुसरीकडे कढईत पुऱ्या फुगत असतात. पुण्या-मुंबईची नातवंडे याला 'आपला बार्बेक्यू' म्हणतात. म्हणोत बापडी. उघड्यावर जाळ करून भाजायचे आणि दहा जणांनी मिळून खायचे, ही गोष्ट जगभर एकच आहे. फक्त आपल्याकडे त्या जाळावर वांगे असते.

या वांग्याचा तोराही काही कमी नाही. जळगाव जिल्ह्यातल्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. यावल तालुक्यातल्या बामणोदचे नाव तर भरताशी कायमचे जोडले गेले आहे. गर भरपूर, बिया कमी, भाजल्यावर लोण्यासारखे मऊ, असे त्या वांग्याचे गुण सांगताना आमच्याकडची माणसे थकत नाहीत. भरताच्या चवीवर या पानावर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे आणि पुढेही होईल. आज मला लिहायचे आहे ते पार्टी उठल्यानंतरच्या तासाभराबद्दल. सतरंज्या झटकल्या जातात, गाड्या सुरू होतात, आणि मागे पातेल्यात काही उरलेले असते. ते कुणाच्या पोटात जाते?

उरते, आणि भरपूर उरते. त्याचे कारण आपल्या हिशेबात नाही, अब्रूत आहे. आमच्याकडे माणशी अर्धा किलो वांगी धरण्याची पद्धत आहे. वीस माणसे येणार तर दहा किलो पुरावीत. पण यजमान पंधरा किलो आणतो, कारण "कमी पडायला नको." मग वहिनी म्हणतात, पुऱ्यांचे पीठ जरा जास्त मळते. भाऊ म्हणतो, मुलांसाठी थोडी शेवभाजी होऊ द्या. कुणीतरी जिलबीचा पुडा घेऊन येतो. प्रत्येकाचे 'थोडे' एकत्र होते आणि संध्याकाळी निम्मे पातेले भरलेले राहते. पंगतीत अन्न कमी पडले तर गावभर बोलले जाते. उरले तर कुणी बोलत नाही. आपल्याकडे कमी पडणे हा गुन्हा आहे आणि उरणे हे वैभव.

हे वैभव एकट्या खान्देशाचे नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातला साठ टक्के वाटा हॉटेलांचा किंवा दुकानांचा नव्हता, तो घरांचा होता. भारतातल्या घरांसाठी त्या अहवालाने माणशी वर्षाला ५५ किलोचा अंदाज दिला आहे. लग्नातल्या नासाडीवर आपण तावातावाने बोलतो. घरातली पातेली मात्र मुकाट्याने घासून ठेवतो.

यावर ठरलेला उपदेश असा, की उरलेले अन्न टाकू नका, गरिबाला द्या. ऐकायला किती सोज्वळ! अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या आपल्या मनाला तो लगेच पटतो. पण या उपदेशापाशी मी गेली काही वर्षे अडखळते आहे. का, ते सांगते.

दोंडाईच्यापासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका शेतात मी पाहुणी म्हणून गेले होते. जेवणे दोनला आटोपली. गप्पा, पत्ते, चहा होईतो साडेपाच वाजले. निघताना यजमानीणबाईंनी उरलेले भरीत आणि मऊ पडलेल्या पुऱ्या एका डब्यात भरल्या आणि शेतावर राहणाऱ्या सालदाराच्या बायकोला हाक मारली. तिने पदराला हात पुसत डबा घेतला. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, उलट हसूनच ती म्हणाली, "बाई, सकाळी काड्या आम्हीच आणल्या, वांगी बी आम्हीच भाजली. तव्हाच एक पान वाढलं असतं तर गरम खाल्लं असतं."

कुणीच काही बोलले नाही. बोलण्यासारखे उरलेच नव्हते. डबा देणारीचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या माणसांनी जाळ केला, धूर डोळ्यांत घेतला, त्यांची आठवण आपल्याला कधी झाली? पोट भरल्यावर. आणि त्यांच्या वाट्याला आले काय? साडेतीन तास उघडे पडलेले, आपल्याला नको झालेले. देण्यापेक्षा ती आवराआवरच जास्त होती.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. गावगाड्यात वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसांना मोबदला म्हणून घरोघरच्या शिळ्या भाकरीचे तुकडे घालण्याची रीत होती. त्या तुकड्यांवर हक्क असल्याचे सांगितले जाई आणि तो 'हक्क'च माणसाला खाली दाबून ठेवी. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना जी कळकळीची सांगणी केली, त्यात चवदार तळ्याच्या पाण्याबरोबर हीदेखील होती, की मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे खाणे सोडा. पोटाला चिमटा बसला तरी चालेल, पण दुसऱ्याच्या ताटातले उरलेले स्वीकारू नका, असा त्याचा अर्थ. शंभर वर्षे होत आली. आपल्या घरातल्या उरलेल्या अन्नाकडे पाहताना ती गोष्ट आपल्याला आठवते का?

यावर कुणी म्हणेल, तत्त्व ठीक आहे, पण भुकेल्याला तत्त्व खाऊन चालत नाही. चांगले अन्न उकिरड्यावर गेलेले बरे की कुणाच्या पोटात गेलेले बरे? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. भुकेल्या माणसाला अन्न मिळालेच पाहिजे. पण त्यासाठी ते उरेपर्यंत थांबण्याची गरज काय? देशाच्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१९ साली जादा अन्नाचे संकलन आणि वाटप यांसाठी स्वतंत्र नियम केले. घेणाऱ्याच्या हाती पडणारे अन्न खाण्याजोगे, सुरक्षित असलेच पाहिजे, हा त्यांचा गाभा. कायदासुद्धा असे म्हणत नाही, की फुकट मिळणाऱ्याने काहीही खावे. जे मी माझ्या नातवाला संध्याकाळी वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या नातवाला कसे चालेल? एवढी एकच कसोटी मनाशी धरली, तरी देणे आणि आवराआवर यांतला फरक आपोआप कळतो.

भुकेचा विषय निघाला की आमच्या पिढीला १९७२चा दुष्काळ आठवतो. दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन लोकांनी दिवस काढले. त्या दुष्काळातून गेलेली म्हातारी माणसे अजूनही ताटात शीत ठेवत नाहीत. भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लावतात. त्यांना 'अन्न वाया घालवू नका' अशी पाटी लावून शिकवावे लागले नाही. मात्र त्याच घरांमधली दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे, आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. ताटात शीत न ठेवण्याचा नियम घरात सगळ्यांना होता. शिळे खाण्याचा नियम फक्त बाईला होता.

आठवून पाहा. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या पुरुषांना आणि मुलांना ताजी पोळी-भाजी होते. "तुमच्यासाठी गरम करते," असे म्हणून सून उठते. आणि सगळ्यांचे झाल्यावर ती स्वतः कालचे भरीत, कालची भाकरी घेऊन चुलीपाशी, आता ओट्यापाशी, बसते. कुणी विचारले तर म्हणते, "मला आवडतं शिळं." कदाचित आवडतही असेल. पण आपल्या घराघरांत शिळे आवडणारी माणसे नेमकी बायकाच कशा निघतात? पाणी जसे उताराकडे वाहते, तसे उरलेले अन्न घरात बाईकडे आणि घराबाहेर मजुराकडे वाहते. भरीत सगळ्यांचे असते, शिळे ठरावीक लोकांचे.

म्हणून माझे म्हणणे अगदी साधे आहे. ज्यांनी ताजे खाल्ले, त्यांनीच उरलेलेही खावे, सगळ्यांनी मिळून. आणि ज्यांना द्यायचे आहे, त्यांचे पान पहिल्या घासाआधी काढावे. नैवेद्य आपण आधी काढतो. उरला तर देवाला, असे कुणी म्हणत नाही. जी गोष्ट देवाच्या बाबतीत कळते, ती माणसाच्या बाबतीत अवघड का वाटावी? सालदाराचे कुटुंब शेतावर असेल तर त्यांना पंगतीलाच बोलवावे. संकोचाने नाही बसले, तर गरम असतानाच त्यांच्या घरी ताट जावे, आणि ते पाहुण्यांना वाढू तसेच वाढलेले असावे.

राहिला प्रश्न उरलेले सगळ्यांनी खाण्याजोगे कसे राहील याचा. त्याचे उत्तर पार्टी संपल्यावर शोधून उपयोग नाही. जाळ पेटवण्याआधीच ते ठरवावे लागते. आमच्याकडच्या जाणत्या बायका याबाबतीत फार हुशार. पंधरा किलो वांगी आणली तरी त्या एकदम भाजत नाहीत. दहा किलोची पहिली खेप, आणि पंगत अर्धी झाल्यावर अंदाज घेऊन दुसरी. न भाजलेले वांगे चार दिवस टिकते आणि रसभाजीलाही चालते. भाजलेला गर सगळाच्या सगळा फोडणीत टाकायचा नाही. लागेल तसा घ्यायचा. कांद्याची पात, कोथिंबीर, दाणे वेगळे ठेवायचे. एकदा सगळे कालवले की पदार्थाचे आयुष्य कमी होते. पुऱ्यांचेही तसेच. कळण्याचे पीठ कोरडे राहिले तर महिनाभर राहते, मळले की संपवावेच लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. 'थंडीचे दिवस आहेत, काही होत नाही,' हा आपला लाडका गैरसमज. खान्देशातल्या रात्री गारठ्याच्या असतात हे खरे, सारंगखेड्याच्या यात्रेला गेलेल्यांना विचारा. पण पार्टी दुपारी असते आणि आमच्याकडे पौषातही दुपारचे ऊन चटका देते. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे, की शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नये. ठेवायचे तर ५ अंशांखाली थंड, नाहीतर ६० अंशांवर गरम. आणि पुन्हा गरम करताना आतपर्यंत ७० अंशांची वाफ यायला हवी. भरताला हा नियम जरा जास्तच लागू आहे. भाजलेली वांगी सोलायला हौसेने सगळे बसतात, म्हणजे दहा हात लागतात. हातांवरचे काही जंतू असे असतात, की त्यांनी अन्नात एकदा विष तयार केले की नंतर उकळी आणूनही ते नाहीसे होत नाही. 'गरम केलं की झालं' हे म्हणूनच खरे नाही. जेवणे चालू असतानाच, दुसरी वाढ झाली की उरलेला गर स्वच्छ झाकणाच्या डब्यात भरून बाजूला काढावा आणि शक्य तितक्या लवकर घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवावा. सोबत बर्फाचा डबा नेला तर फारच उत्तम. सुरतेच्या पाहुण्यांना प्रेमाने भरताचा डबा बांधून देण्यापेक्षा पाच-सहा कच्ची वांगी आणि किलोभर कळण्याचे पीठ द्यावे. गाडीत नासणार नाही आणि सुरतेतल्या गॅसवरही भरीत होतेच.

अलीकडे, विशेषतः ३१ डिसेंबरला, शेतांवर कोळशाच्या शेगडीवर कोंबडी भाजण्याचाही प्रघात पडला आहे. त्या घरांसाठी दोन शब्द. कच्ची कोंबडी ज्या दही-मसाल्यात मुरवली, तो उरलेला मसाला भाजलेल्या तुकड्यांवर ओतू नये आणि रस्सा करायलाही जपून ठेवू नये. तो टाकूनच द्यावा. कच्च्याचे ताट आणि भाजलेल्याचे ताट वेगळे असावे. भाजलेले तुकडे वेळेत थंड करून ठेवले असतील, तर दुसऱ्या दिवशी हाडे काढून, कांद्यावर परतून त्यांचा चांगला पुलाव होतो. चार तास शेगडीशेजारी पडून राहिलेल्या तुकड्यांचा मात्र काहीही करू नये. असे अन्न फेकताना जीव हळहळतो, पण ते पोटात गेल्यावर होणारी हळहळ अधिक महाग पडते.

आता दुसऱ्या दिवशीची सकाळ. चांगल्या ठेवलेल्या भाजल्या वांग्याचा गर म्हणजे घरात आलेली आयती लक्ष्मी. त्यात ज्वारीचे आणि थोडे बेसनाचे पीठ, तीळ, ओवा घालून थालीपीठ लावा. दह्यात कालवून वरून हिंग-मोहरीची फोडणी दिली तर तिखट न खाणारी मुलेही चाटून पुसून खातात. कणकेत मळले तर मऊ पराठे होतात आणि शाळेच्या डब्याला जातात. भाकरी उरली असेल तर हाताने कुस्करून कांदा, लसूण, दाण्यांबरोबर परतावी. नाहीतर ताकात चुरून खावी. शिळ्या पुऱ्या आणि चहा हा तर आमच्याकडचा न्याहारीचा राजा. कढी उरली असेल तर तिला ऊत येऊ देऊ नका, म्हणीसाठी नव्हे, फुटते म्हणून. मंद आचेवर ढवळत गरम करा. सालपटे आणि देठ शेतातच उकिरड्यावर गेले की खत होते, आणि काड्यांची राख भांडी घासायला किंवा भाजीच्या वाफ्यात.

पण या सगळ्या पाककृतींपेक्षा महत्त्वाचे काय, तर ती थालीपिठे कुणाच्या ताटात पडतात ते. सोमवारची सकाळ घाईची असते हे मान्य. तरीही त्या दिवशी घरात एकच स्वयंपाक व्हावा आणि तोच सगळ्यांनी खावा. घरच्या कर्त्या पुरुषाने आपल्या डब्यात कालच्या भरताचा पराठा न्यावा. आजोबांना पथ्य असेल, तान्हे मूल असेल, तर गोष्ट वेगळी. बाकी कुणाला 'मला शिळं चालत नाही' असे म्हणण्याची मुभा असेल, तर ती सुनेलाही असावी. आणि असे झाले की आणखी एक चमत्कार घडतो. ज्याला सोमवारी उरलेले खायचे आहे, तो रविवारी पंधरा किलो वांगी आणतच नाही. अब्रूचा हिशेब आपोआप पोटाच्या हिशेबावर येतो. आजवर तो आला नाही, याचे एक कारण हेही आहे, की उरवणारा एक आणि संपवणारा दुसरा, अशीच आपल्याकडची वाटणी होती.

येत्या रविवारी तुमच्याही शेतावर, गच्चीवर किंवा अंगणात जाळ पेटणार असेल. मजेत पेटवा. वांगी मोजून आणा. पहिला घास घेण्याआधी जरा मागे वळून पाहा, काड्या कुणी आणल्या, भांडी कोण घासणार, विहिरीवर मोटार चालू करायला कोण गेले आहे. त्यांची पाने आधी मांडा. भरीत गरम असते, तेव्हाच ते भरीत असते.